विसरायची नोकरी

मला नोकरी लागली ती विसरण्याची. लोकं हसतात, हसू द्या. पहिला पगार घरी आणला तवा आमची बायको सुमन, तीबी हसली. म्हणली, "विसरायचे पैसे भेटतात? मग इतके साल तुमी फुकटच विसरून राहिलते की."

आधीच सांगतो, हे मी लिहून न्हाई राहिलो. मी फोनमधी बोलून राहिलो आन फोन लिहून घेऊन राहिला. काही चुकलं तर फोनचं, बरोबर आलं तर माझं.

शाळा माझी दुसरीपोतर. तिसरीत मास्तरांनी बापाला बोलावून सांगितलं, "शेषरावला म्हशीमागं धाडा, म्हशीचं तरी नुकसान व्हणार न्हाई." त्यात मास्तरांचंबी चुकलं. म्हैस तिसऱ्या दिवशी हरवली. मी तिला आंबराईत बांधली व्हती, पर कोणच्या आंबराईत ते याद राहिलं न्हाई.

पुढं मी नांदेड-लातूर काळी-पिवळी जीप चालवायचो. रस्ता सरळ व्हता म्हणून निभावलं. तरी लोह्याला उतरणारा माणूस मी अहमदपूरला नेऊन सोडलेला हाय. तो बिचारा झोपलता, मी जागा व्हतो, एवढाच फरक.

त्या जीपमधी दर सोमवारी एक पोरगी बसायची. सुजाता कांबळे. उमरीची. लातूरला एका क्लासमधी बायलॉजी शिकवायची. मी तिला दर सोमवारी इचारायचो, "कुठं उतरणार, बाई?" आन ती दर सोमवारी सांगायची, "लातूर, काका." दोन पावसाळे हे चाललं. एकदा ती हसून म्हणली, "काका, तुम्ही खरंच विसरता का नाटक करता?" मी म्हणलं, "नाटक करायला बी पाठ करावं लागतं, बाई."

ते तिनं ध्यानात ठिवलं. मी न्हाई ठिवलं. क्लास सोडून तिनं औसा रोडला दुसऱ्या मजल्यावर तीन खोल्यांत आपली कंपनी टाकली, तवा मला हुडकत जीपच्या थांब्यावर आली. म्हणली, "काका, मला तुमच्यासारखा माणूस पाहिजे."

"ड्रायव्हर?"

"ते पण. पण खरं म्हणजे विसरणारा."

आता धंदा काय व्हता ते सांगतो. फोनवरून लोकायला काम शिकवायचं. दुकानात काम करणारे, दवाखान्यातल्या मावश्या, गोदामावाले, असल्या माणसांयला. दुसऱ्या कंपन्या काय करायच्या, एक लांबलचक फिल्लम दाखवायच्या, खाली बटन दाबा, झालं, घ्या सर्टिफिकेट. सुजाता मॅडमचं म्हणणं, "काका, लातूर म्हणजे पाठांतराचं गाव. मी पोरं बघितलीत. परीक्षेच्या आदल्या दिवशी टाकी फुल्ल, परीक्षा झाली की तोटी उघडी. डॉक्टर होणाऱ्याचं चालून जातं, त्याला पुढं पुन्हा शिकवतात. पण गोदामातल्या माणसाला पुन्हा कोण शिकवणार?"

म्हणून तिची रीत वेगळी. एक बारका तुकडा शिकवायचा. मंग थांबायचं. माणूस विसरायच्या बेताला आला, डोकं खाजवून राहिला, की तवा सवाल टाकायचा. जवाब बरोबर आला की तोच सवाल लांब गावाला जायचा, लई दिवसांनी परत यायचा. चुकला की दुसऱ्याच दिवशी दारात हजर. असं चार-सहा वेळा झालं की म्हणे ती गोष्ट डोक्यात घर बांधून राहती. अंतर ठिवून शिकणं. मी म्हणलं, हे तर लातूरच्या नळासारखं हाय. रोज पाणी आलं असतं तर लोकांनी भांडी घासून ठिवली असती का?

पर अंतर किती ठिवायचं? त्यासाठी मी. मॅडम सकाळी मला तुकडा दाखवायची आन दुसऱ्या दिवशी चहा पिता पिता इचारायची. पहिला धडा आग विझवायच्या नळकांड्याचा व्हता. बाईनं इतकं झकास समजावलं, चित्रं, बाण, सगळं. दुसऱ्या दिवशी म्हणली, "काका, आग लागली. नळकांडं हातात घेतलं. आता पहिलं काय?"

मी लई इचार केला. म्हणलं, "ते लाल असतं."

मॅडम खूश. भिंतीवरच्या कॅलेंडरवर सवालाच्या दिवसाचा ठिपका अलीकडं सरकवला. म्हणली, "काका, तुमच्या डोक्यात टिकलं तर महाराष्ट्रात कुठंबी टिकंल." मी सुमनला सांगितलं, मॅडमनी तारीफ केली. सुमन म्हणली, "ती तारीफ व्हती व्हय?"

त्या तीन खोल्या मला आजबी आठवतात, आन मला काही आठवतंय म्हणजे बघा. खाली मोटारीच्या सामानाचं दुकान, ऑइलचा वास वरपोतर यायचा. उन्हाळ्यात कूलरमधी पाणी टाकायला पाणी नसायचं. गंजगोलाईच्या बाजारातून मी चिवडा आणायचो, मीठ आणायला सांगितलेलं असायचं.

मंग अर्धापूरचं काम आलं.

अर्धापूर म्हणजे केळी. तिथं मारोतराव म्हणून एक बागाईतदार, त्यांनी बागंच्या कडंला पॅकहाऊस टाकलं. पैलं काय व्हायचं, घड कापला, बायांनी डोक्यावर वाहिला, पाला टाकून टरकात रचला, गेला. आता केळी परदेशात जाऊन राहिली, तर नवरीवानी जपायला पाहिजे. घडाची एकेक फणी सुटी कापायची, तुरटीच्या पाण्यात धुवायची, जाडी मोजायची, फोमात गुंडाळून पेटीत लावायची. हे सगळं तिथल्या बायांना शिकवायचं व्हतं. माल घेणाऱ्या पार्टीनं अट घातलती, महिन्या-दीड महिन्यानं आमचा माणूस यील, बायांचं काम बघंल. जमलं तर काम बायांकडं आन त्यातल्याच एकीला मुकादम करायचं. न्हाई जमलं तर पार्टी आपली टोळी बाहेरून आणणार. बाया परत घड वाहायला डोक्यावर.

त्या बायांत वच्छलाबाई व्हती. माझ्याच वयाची, उंच, तोंडानं तिखट. घड वाहून वाहून तिची मान एका अंगाला झुकलेली. पहिल्या दिवशी तिनं मॅडमला सरळ सांगितलं, "बाई, मला मुकादम व्हायचंय. ही मान अजून एक हंगाम घड सोसणार न्हाई. शिकवा काय शिकवायचं ते."

मारोतरावांना मॅडमनी अंतराची रीत सांगितली. ते थोडा येळ ऐकल्यासारखं करून म्हणले, "म्हणजे ठिबक म्हणा की. मोकाट पाणी द्यायचं न्हाई, मुळाशी थेंब थेंब."

मॅडम म्हणली, "अगदी तेच."

"मग एवढं इंग्रजी कशाला बोलून राहिल्या, बाई?"

तर ठरलं असं. शिकवायचे तुकडे मॅडम अर्धापूरला जाऊन दाखवणार. सवाल मॅडमच्याच आवाजात, बायांच्या फोनच्या ग्रुपवर. कॅलेंडरवर ठिपका असंल त्या दिवशी तेवढाच सवाल पाठवायचा. तवा आपोआप पाठवायचं मशिन कंपनीकडं नव्हतं. पाठवायचं बटन दाबायची जिम्मेदारी कुणाला दिली असंल? मॅडम म्हणली, "काका, ठिपका दिसला की दाबा, नाही दिसला की दाबू नका. यात विसरण्यासारखं काहीच नाही."

विसरलो न्हाई मी. तिथंच घोळ झाला.

हदगावला माझ्या साडूच्या पोरीचं लगीन निघालं. मॅडम कामानं हैदराबादला गेलती. मी इचार केला, लग्नात चार-पाच दिवस जातेत, मांडवात फोन कुठं, मी कुठं. आन त्या बायाबी म्हणल्या व्हत्या, "मामा, एकेक काय पाठवता चिमणीला दाणे टाकल्यावानी? हात आखडता कशाला?" ते मला लागलं. आपल्याकडं पंगतीत वाढणारा हात आखडत न्हाई, बघा. पाहुणा नको म्हणला तरी पानावर आडवा हात धरल्याबिगर थांबायचं न्हाई. म्हणलं, आपण काय कंजूस हावोत का? ग्रुप उघडला आन महिन्याभराचे सगळे सवाल एका दमात वाढून टाकले. वर जवाबाचे आवाजबी वाढले. गोड म्हणून.

लग्नात मी बुंदी वाढली, तवाबी त्याच खुशीत व्हतो.

त्या दुपारी अर्धापूरला काय झालं, ते नंतर कळलं. बाया लिंबाखाली बसल्या, एकीनं सवाल लावला, सगळ्या एका सुरात जवाब दिला, आरतीवानी. फणी कापल्यावर तोंड कुणीकडं? खाली! पेटीत पिकलेलं केळ गेलं तर? सगळी पेटी पिकती! सगळ्या सवालांवर बरोबरच्या खुणा. मॅडमला मी हदगावहून फोन केला, "मॅडम, महिन्याचं काम बायांनी एका दुपारी काढलं. सगळ्या पास."

 मला वाटलं, आता तारीफ व्हणार.

"काका," ती म्हणली, "तुम्ही कोरड्या रानात महिन्याभराचं ठिबक एका तासात सोडलंत." रागावली न्हाई. रागावली असती तर बरं झालं असतं.

हप्त्यानं मारोतराव म्हणले, पार्टीचा माणूस यायच्या आधी एकदा आपणच बघू. बाया उभ्या राहिल्या. वच्छलाबाईच्या हातात कोयता. घडाची फणी कापली आन टेबलावर ठिवली, कापलेलं तोंड वर करून. आता यात काय हाय, सांगतो. फणी कापली की त्या तोंडातून चीक गळतो. तोंड खाली ठिवलं की चीक खाली गळून जातो. वर ठिवलं की चीक सगळ्या केळांवर ओघळतो, वाळला की काळे डाग, पेटी वापस. लिंबाखाली सगळ्यात मोठ्यानं "खाली" वच्छलाबाईच ओरडली व्हती. आता चीक तिच्या डोळ्यासमोर फणीवरून उतरून राहिला आन तिला याद यीना काय चुकलं.

ती माझ्याकडं बघून म्हणली, "मामा, त्या दिवशी तोंडावर व्हतं. कुठं गेलं वो?"

 मी तर रोज तिथंच राहतो, जिथं ते जातं.

मारोतराव म्हणले, "बाई, मला पार्टीला सांगावं लागंल. टोळी आणा म्हणून."

मॅडम म्हणली, "पार्टीचा माणूस यायला अजून दिवस आहेत ना? आहेत तेवढे द्या." मंग नव्यानं ठिपके मांडले. पर बायांचा फोनवरचा इश्वास उडालता. आन एक भानगड अजून निघाली. वच्छलाबाईच्या घरात फोन एकच, आन तो सकाळीच नवऱ्यासंगट विहिरीच्या मोटारीवर जायचा. एवढे दिवस सवालांचे जवाब तोच देऊन राहिलता. वच्छलाबाई म्हणली, "आमच्या मालकाला आता झकास केळी पॅक करता येतेत. त्यांलाच करा मुकादम."

मॅडमनी थोडा इचार केला आन माझ्याकडं बघितलं. "काका, तुम्ही इथं राहा. फोनच्या ऐवजी तुम्ही. ठिपक्याच्या दिवशी जायचं, एक सवाल विचारायचा, गप यायचं. जवाब सांगायचा नाही."

"मॅडम, जवाब मला येत असंल तर सांगीन ना."

"म्हणून तर तुम्हाला ठेवते."

फोनचं टिंग वाजायचं बंद, असा मीच अर्धापूरचा टिंग झालो. मारोतरावांच्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या खोपीत, झोपायचो. सकाळी तुरटीच्या टाक्याजवळ जायचो, वल्ल्या गोणपाटाचा आन केळीच्या चिकाचा वास यायचा. माझ्या अंगरख्यावर ते काळे डाग अजून हायेत, सुमननं कितीबी घासलं तरी जात न्हाईत. तेवढं एकच माझ्याजवळ टिकलं.

मी सवाल टाकायचो, "फणीचं तोंड कुणीकडं?" बाया इचार करायच्या. मधीच कुणीतरी मलाच म्हणायचं, "तुमी सांगा, मामा." मी सांगायचो, "वर." मुद्दाम न्हाई, देवाशपथ. मला ते वरच वाटायचं. माणसाचं तोंड वर असतं, तसं. मंग वच्छलाबाई कोयता खाली ठिवून माझ्यावर तुटून पडायची.

"अवो मामा, परवाच सांगितलं ना? चीक कुठं जाईल? तुमच्या डोस्क्यावर?"

"मंग खाली."

"पक्कं करा आता. उद्या पुन्हा इचारते मी तुमाला."

सवाल मी इचारायचा, तर उलटंच झालं. ती मला इचारू लागली. मी चुकलो की तिला राग यायचा, आन तो राग तिच्या डोस्क्यात ती गोष्ट अजून खोल रोवायचा. पुढं पुढं ठिपके लांब लांब गेले. मी दोन-दोन दिवस नुसता बांधावर बसून राहायचो, जाऊ वाटायचं, पर मॅडमची सक्त ताकीद, "विसरू द्या, काका. थोडं विसरू द्या." आयुष्यात पहिल्यांदा मला कुणीतरी विसरण्याचा मोका दिला न्हाई, दुसऱ्याच्या विसरण्याची राखण करायला बसवलं.

दुपारी बाया केळीच्या पानावर भाकर आन येसराची आमटी द्यायच्या. वच्छलाबाई म्हणायची, "खा मामा, तुमच्यामुळं काम गेलं तर हेच शेवटचं समजा." हसायची. पर हसताना हात मानंवर असायचा.

पार्टीचा माणूस आला. गप माणूस. हातात पॅड, तोंडात सुपारी. कोपऱ्यात उभा राहून बघून राहिला. बायांनी फण्या कापायला सुरू केलं. तो मधीच वच्छलाबाईला इचारू लागला, जाडी कोणत्या केळाची मोजता, पेटीत किती थर, फोम कुठं. ती एकेक सांगून राहिली. मॅडम भिंतीला टेकून उभी, नखं खात. एवढी शिकलेली बाई, पर नखं आमच्यावानीच खाती.

मला बसवंना. वाटलं, आपणबी हात लावावा, काम लवकर व्हईल, साहेब खूश व्हईल. तोच पंगतीचा किडा. टाक्याजवळ एक कापलेली फणी पडलती, ती मी उचलली आन टेबलावर झकास मांडली. तोंड वर.

मॅडमचा श्वास मला तिथपोतर ऐकू आला. साहेबाची नजर फणीवर. मारोतरावांनी डोळे मिटले.

वच्छलाबाई तवा साहेबाला पिकलेल्या केळाचं सांगून राहिली व्हती. माझ्याकडं बघितलंबी न्हाई. बोलता बोलता डावा हात लांबवला, फणी पालथी केली, तोंड खाली, आन बोलणं तसंच पुढं. हात पदराला पुसला. तिला स्वतःला कळलंबी नसंल.

साहेबानं सुपारी थुंकली. पॅडवर काहीतरी लिहिलं. मंग माझ्याकडं बोट केलं. "हे कोण?"

वच्छलाबाई म्हणली, "हे व्हय? हे आमचं सवाल इचारायचं मशिन हाय. बिघडलेलं हाय, पर चालतं."

साहेब हसला. काम बायांकडं राहिलं. वच्छलाबाई मुकादम झाली, आन त्यानंतर तिच्या डोक्यावर घड कुणी बघितला न्हाई. परत येताना गाडीत मॅडम म्हणली, "काका, ती फणी तुम्ही मुद्दाम उलटी ठेवली ना? तिचं शिकणं त्याला दिसावं म्हणून?" मी गाडी चालवत राहिलो. काय सांगू, एवढी भारी गोष्ट माझ्या नावावर लागून राहिली व्हती. अहमदपूरपोतर तशीच लागू दिली. मंग राहवलं न्हाई. म्हणलं, "न्हाई मॅडम. मी खरंच विसरलतो." ती इतकी हसली की मला गाडी कडंला घ्यावी लागली.

आता कंपनी पुण्याला हाय. मोठी झाली. औसा रोडच्या त्या खोल्यांत खानावळ हाय, क्लासची पोरं जेवतात. सवाल आता मशिन पाठवतं. कोण किती विसरतो त्याचा हिशोब तेच ठिवतं, अंतर तेच ठरवतं. विसरणारा माणूस लागत न्हाई. ते बरोबरच हाय, मशिन लग्नाला जात न्हाई. मॅडम दिवाळीला फोन करती. वच्छलाबाई हंगामात फोन उचलत न्हाई, मुकादमाला फुरसत कुठं. मी नांदेडला पोरीकडं असतो, नातवाला शाळेत सोडतो. शाळा एकच हाय, गल्लीच्या टोकाला, म्हणून जमतं.

पर एक राहिलं. पुण्याला जाण्याआधी मॅडमनी केळीचा कोर्स नव्या मशिनमधी टाकला आन सवालांना आवाज वच्छलाबाईचा घेतला. म्हणली, बायांना आपला आवाज पटतो. तपासायला म्हणून माझं नाव मशिनमधी घातलतं, ते काढायचं कुणाच्याच ध्यानात आलं न्हाई. तवापासून माझ्या फोनवर टिंग वाजतं. "मामा, फणीचं तोंड कुणीकडं?" खाली एक बटन वरचं, एक बटन खालचं.

सुरुवातीला मी चुकायचो, लगेच दुसऱ्या दिवशी ती यायची. मंग बरोबर यायला लागलं. मशिननं अंतर वाढवलं. हप्ता, महिना, मंग आख्खा पावसाळा गेला, टिंग न्हाई. मला वाटलं फोन बिघडला. नातवाला दाखवला, तो म्हणला, "आजोबा, मशिनला कळलं, तुम्हाला आता येतं. आता लई दिवसांनी विचारंल, मग विचारणारच नाही." सुमन म्हणली, "जन्मात एक गोष्ट शिकलात, त्याचंबी तोंड पाडून बसलात."

परवा टिंग वाजलं. मी ओट्यावर बसलतो. वच्छलाबाईचा आवाज, मागं टाक्याच्या पाण्याचा आवाज, कुणीतरी बाई हसली तेबी आलंय त्यात. "मामा, फणीचं तोंड कुणीकडं?"

मला आता झोपेतबी येतं. त्या दिवशी साहेबासमोर खरंच विसरलतो, तर मॅडमला वाटलं मुद्दाम केलं. मी इकडं तिकडं बघितलं, सुमन आत व्हती. वरचं बटन दाबलं.

"चुकलं वो मामा," वच्छलाबाई म्हणली. "पक्कं करा आता. उद्या पुन्हा इचारते मी तुमाला."

म्हणलं, इचारा. मी घरीच हाय.